भिंतीकडचं पान

नालवाडी, वर्धा
२७ सप्टेंबर १९५८

आनंदराव यांना,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र न वाचताच खणात सारायचा विचार असेल, तर जरा थांबा. मी भांडायला लिहीत नाही, आणि मला भोपाळला न्या असंही म्हणत नाही. चौदा महिन्यांपूर्वी तुम्ही लिहिलं होतंत, 'तू तुझी शाळा सांभाळ, मी माझी नोकरी सांभाळतो, कामाशिवाय लिहू नये.' तर हे काम आहे.

काल जंगलूभाऊ आले होते. आपल्या लग्नाला सहा वर्षं झाली, तुमचा सख्खा भाऊ दारात आला तो काल पहिल्यांदा, आणि आत यायला तयार नाही! पायरीवरच बसले. चहा ठेवते म्हटलं तर हातानंच नको म्हणाले. मग खाली बघत एका दमात सगळं सांगून टाकलं.

"वहिनी, येत्या सहा तारखेले आमच्याकडे नवं हाये. दादानं सहा वर्सं नवं नाई खाल्लं. हे सातवं. यंदा त्याचं पान भिंतीकडे जाईन. सांगून ठेवतो, मंग आमाले बोल नका लावू."

भिंतीकडे म्हणजे काय, मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मेल्याहून मेल्यासारखं झालं. सहा वर्षं त्या घरची सून म्हणवते आणि एवढंही ठाऊक नाही. तुम्ही तरी कधी सांगितलंत? घरची बोलीसुद्धा माझ्या कानावर पडू दिली नाहीत. शेवटी त्यांनीच समजावून दिलं. नवी कुटकी निघाली की आधी देवाला आणि वाडवडिलांना, मग घरच्यांना, तोवर कुणी दाणा तोंडात घालायचा नाही. पळसाची पानं दोन ओळींत मांडायची, भिंतीकडे मेलेल्यांची आणि चुलीकडे जित्यांची. माणूस परगावी असलं तरी चुलीकडे त्याचं पान असतंच. पण सहा नवी उलटली आणि घरचा दाणा त्याच्या तोंडी गेला नाही, तर सातव्या वर्षी ते पान उचलून भिंतीकडे ठेवतात. ही तुमच्या घराण्याची रीत, सगळीकडे अशी नाही, असंही ते म्हणाले.

"अहो पण ते जिवंत आहेत," मी म्हटलं. "भोपाळला कचेरीत आहेत, धडधाकट आहेत."

"असंन. आमच्यासाठी नाई. त्या रोजी मायले त्याच्या नावानं आंघोळ करा लागन."

सुतकाची आंघोळ, आनंदराव. तुमच्या आई तुमच्या नावानं सुतकाची आंघोळ करणार. कालपासून माझा जीव टांगणीला लागला आहे. रजा काढा आणि या. एक घास खा, आणि लगेच परत जायचं तर जा. माझ्याशी बोलू नका हवं तर.

तुम्ही काय म्हणाल तेही मला पाठ आहे. 'आईचंच मन झालं नाही. नवं घेऊन निघाली आणि अर्ध्या वाटेतून परतली. मग मी कशाला जाऊ?' हे तुम्ही किती वेळा म्हणालात आणि मी किती वेळा मुकाट्यानं ऐकलं, याला गणती नाही. ऐकायला नको होतं. का, ते इथे लिहवत नाही.

तुम्ही या अथवा न या, मी जाणार आहे.

इंदिरा


टोला, वडनेरच्या पुढे
५ ऑक्टोबर १९५८

तुमची तार आली नाही. हिंगणघाटच्या फलाटावर मी वेड्यासारखी मागच्या डब्यांकडे बघत उभी होते, की न जाणो, तुम्ही परस्पर आला असाल. तिथून मोटारीनं वडनेर, आणि पुढे दोन कोस पायी.

तुमच्या टोल्यात, त्या लहानशा वस्तीत, माझं स्वागत काय झालं म्हणता! हातात छत्री, खांद्याला खादीची पिशवी, डोळ्यांवर चष्मा. पहिल्या घरापाशी पोचते तोच बायकांनी पोरं उचलली आणि दारं लावली. मी देवी टोचणारी बाई आहे असं त्यांना वाटलं. आनंदरावांच्या घरी जायचंय म्हटलं तर कुणालाच उमगेना. शेवटी एका म्हाताऱ्यानं विचारलं, "पुनाजीचा आनंदा का?" आणि मग सगळी दारं उघडली. मागोमाग वीस-पंचवीस माणसं. तुमचे वडील जाऊन दहा वर्षं झाली, तरी इथं तुम्ही अजून पुनाजीचेच आहात.

घरं पांढऱ्या मातीनं पोतारली आहेत, अंगणं नुकती सारवलेली. जंगलूभाऊ शेतावर होते, म्हणून त्यांच्या बायकोनं, सखूनं, मला शेत दाखवायला नेलं. कुटकी कापून ठेवली होती. मी शाळामास्तरीण, सवयच वाईट, एक लोंबी तोडली, तळहातावर चोळली, फुंकर मारली आणि तोंडाकडे नेली. सखूनं मनगट असं धरलं की बांगडी पिचली.

"वहिनी! उद्या. उद्याच्या आधी नाई."

तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी दाणे खाली टाकले तर तिनं ते एकेक वेचले आणि पदरात बांधले. लोक दुसऱ्या गावचा सण पाहायला जातात, चार दिवस राहतात आणि किती छान म्हणून परत येतात. मीही तशीच आले आहे की काय, असं त्या क्षणी वाटलं. बांगडीची काच लागली होती, पण तिला सांगितलं नाही.

परत आलो तेव्हा आई दाराशी सूप घेऊन बसल्या होत्या. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. दुसऱ्यानं माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "आली का." कोण, कुठली, काही नाही. मग आत वळून म्हणाल्या, "सखू, चहा ठेव. साखर मोठी टाक. ह्या बाईले गोड चहा लागते."

तुमच्या हिशेबानं मी आणि आई जन्मात कधी भेटलेलो नाही. मग मला कसा चहा लागतो, ते त्यांना कुठून ठाऊक?

लिहिते.

त्या वर्षी, लग्नानंतरच्या आश्विनात, तुम्ही दौऱ्यावर होतात. ओसरीवर माझा सूतकताईचा वर्ग चालला होता, नागपूरहून दोन पाहुण्या बायका आल्या होत्या. एक म्हातारी फाटकातून आत आली. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ, डोक्यावर लाल काठाच्या फडक्यात बांधलेलं गाठोडं. "मास्तरीणबाई तूच का?" म्हणाली. मी हो म्हटलं. तिनं गाठोडं सोडून दाखवलं. कुटकी. मी म्हटलं, "आज नको बाई. आमच्याकडे कुणी खात नाही. पुढच्या घरी विचार."

आमच्याकडे कुणी खात नाही. हे माझे शब्द.

उन्हातून आली होती म्हणून मी चहा दिला, माझ्यासाठी ठेवला होता त्यातलाच. तिनं तो हळूहळू प्यायला, पेला धुऊन पालथा घातला. पाहुण्यांना पोचवून मी परत आले तर ती गेली होती आणि गाठोडं पायरीवर होतं. आत कुटकीबरोबर एक हळकुंड. विकायच्या धान्यात कुणी हळकुंड घालतं का? शाळेत पोरींना अक्कल शिकवणाऱ्या बाईला एवढं कळू नये! मी ती कुटकी शेजारच्या कोंबड्यांना टाकली. फडकं धुऊन ठेवलं, चांगलं होतं म्हणून.

तिसऱ्या दिवशी तुम्ही दौऱ्यावरून आलात आणि पहिला प्रश्न विचारलात, "कुणी आलं होतं का?" मी म्हटलं, नाही. खरंच मला वाटलं नव्हतं की ते 'कुणी' होतं. मग तुम्ही सांगितलंत, आईला निरोप धाडलाय, ती नवं घेऊन येईल, सुनेच्या हातात देईल, म्हणजे सून घरात आली. मला चकित करायचं म्हणून आधी बोलला नव्हतात. मी आत जाऊन ते फडकं पाहिलं आणि ट्रंकेच्या तळाशी लपवलं.

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. माझ्या वडिलांनी ह्या लग्नापायी मला उंबऱ्याबाहेर काढलं होतं, तुम्हीही काढाल या भयानं पाचावर धारण बसली. पुढे हिंगणघाटच्या बाजारात जंगलूभाऊ तुम्हाला म्हणाले, माय निघाली होती पण तिचं मन नाही झालं, परत आली. ते ऐकून तुम्ही जेवला नाहीत. 'मला आई नाही' म्हणालात. मी ताट झाकून ठेवलं आणि मूग गिळून बसले.

आई घरी असं खोटं का बोलल्या, ते मला आजवर कळलं नव्हतं. मीही त्या आडोशाला लपून राहिले. पुढे नागपूरची कचेरी भोपाळला हलली तेव्हा तुम्ही एकटे गेलात. मी नोकरीचं निमित्त केलं. खरं म्हणजे तुमच्या तोंडाकडे पाहणं मला जड झालं होतं.

उद्या दुपारी पानं मांडायची.

इंदिरा


टोला
६ ऑक्टोबर १९५८, दिवेलागण

झालं. जसं झालं तसं लिहिते.

घर माणसांनी भरलं होतं, पण कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. पानं मांडायचं काम तुमच्या चुलत्यांकडे, नत्थूजींकडे. भिंतीकडे नऊ पानं. तुमच्या वडिलांचं, आजोबांचं, आणि ज्यांची नावं मला नीट ऐकू आली नाहीत अशांची. चुलीकडे सात. सातव्यापुढे कुणी बसलेलं नव्हतं. सखूनं मला बाजूला, दाराजवळ पाट दिला. पाहुण्याला पाट असतो, घरचे भुईवर बसतात. मी पाटावर बसले.

आधी भिंतीकडे वाढलं. प्रत्येक पानापाशी मोहाच्या दारूचे दोन-दोन थेंब. नत्थूजी तुमच्या बोलीत हळू आवाजात काही म्हणत होते, शेजारी कुणाशी घरगुती बोलावं तसं. मला एक अक्षर कळलं नाही. मग चुलीकडे वाढलं. नत्थूजी एकेकाचं नाव घेत, "नवं खाल्लं का?" समोरचा घास घेऊन म्हणे, "खाल्लं." जंगलू, खाल्लं. सखू, खाल्लं. पोराटोरांनीही अगदी शहाण्यासारखं सांगितलं. मग सातवं पान आलं.

"आनंदा. नवं खाल्लं का?"

बाहेर बैलाच्या गळ्यातली घंटा वाजत होती, तेवढीच. नत्थूजींनी दुसऱ्यांदा विचारलं. जंगलूभाऊंचं तोंड दगडासारखं झालं होतं, पण डोळे भरले होते, मी पाहिलं. आई चुलीशी बसल्या होत्या. त्यांच्याजवळ पाण्यानं भरलेली घागर होती आणि घागरीवर धुतलेलं लुगडं. ते त्या आंघोळीसाठी होतं.

नत्थूजी पान उचलायला वाकले.

"खाल्लं," मी म्हटलं.

सगळी डोकी वळली. जंगलूभाऊ उठूनच उभे राहिले. "वहिनी, हे खेळ नाई. कवा खाल्लं?"

"सहा वर्षांमागं. आईंनी नालवाडीला आणून दिलं होतं. हळकुंड घालून, लाल काठाच्या फडक्यात. मी शिजवलं. दौऱ्यावरून आले तेव्हा त्यांनी खाल्लं. मीही खाल्लं. म्हणजे हे सातवं नाही, सहावं."

आनंदराव, देवाच्या आणि तुमच्या नऊ पितरांच्या समोर मी खोटं बोलले. माझे वडील काय शिकवत आले, मी वर्गात काय शिकवते, काही आड आलं नाही. त्या पानाला कुणाचा हात लागू नये, एवढंच डोक्यात होतं.

"माय तं परत आलती!" जंगलूभाऊ म्हणाले. "मन नाई झालं म्हने. सहा वर्सं आम्ही हेच आयकून राह्यलो. माय, तू पोचली होती का नाई?"

आईंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ह्या सांगणार, पोचले होते आणि ह्या बाईनं मला पुढच्या घरी धाडलं. त्यांनी सांगितलं असतं तर मी मान खाली घालून उठले असते.

"पोचली होती," आई म्हणाल्या. "चहा देल्ला हिनं मले. गोड होता."

"मंग खोटं काऊन सांगतलं?"

"तुले काय करा लागते? सून म्हनते खाल्लं, तं खाल्लं. नत्थूजी, पान राहू द्या."

नत्थूजींनी पान ठेवलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पाटावरून उठ बाई. घरचं मानूस भुईवर बसते." मी तुमच्या पानासमोर भुईवर बसले. आईंनी आपल्या हातानं वाढलं. बिनमिठाची कुटकी, थोडा गूळ. मी घास घेतला. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, तो गिळला आणि म्हटलं, खाल्लं. हे मात्र खरं होतं.

जंगलूभाऊ बाहेर जाऊन अंगणात पाठमोरे उभे राहिले. सखूनं ती घागर उचलली आणि गुरांपुढे ओतली.

इंदिरा


नालवाडी
९ ऑक्टोबर १९५८

मागची दोन पत्रं वडनेरच्या पेटीपर्यंत नेली आणि धीर झाला नाही, तशीच पिशवीतून परत आणली. आता हे तिसरं त्यांत घालून सगळं एकदमच पाठवते. सोबत पार्सल आहे. ते इतक्यात सोडू नका, आधी हे वाचा.

निघायच्या सकाळी आई मला मागच्या परसात घेऊन गेल्या. मी त्यांचे पाय धरले. म्हटलं, "आई, मी काल खोटं बोलले. आम्ही खाल्लं नव्हतं."

"मालूम हाये," म्हणाल्या.

"तुम्हाला कसं?"

"उन्ह होतं. पाय चालेना. तुमच्या फाटकाच्या बाहीर बाभूळ हाये नं, तिच्या खाली बसली होती मी दम खात. तू फडकं झटकलं ते पाह्यलं. कोंबड्या टिपून राह्यल्या होत्या."

त्या आपल्या सुपातले खडे वेचत राहिल्या.

"मग घरी तुम्ही असं का सांगितलंत? दोष स्वतःवर का घेतलात? त्यांनी तुम्हाला तोडलं, आई. मला आई नाही म्हणाले."

"जंगलूले सांगतलं असतं सुनेनं नवं कोंबड्याले टाकलं, तं त्यानं त्याच दिवशी आनंदाचं पान उचललं असतं, तुह्यं तं कवा मांडूच देल्लं नसतं. त्याचा राग तुले मालूम नाई. माह्यं मन नाई झालं म्हनलं, तं आनंदा रागावून रागावून कोनावर रागावंन? मायवर. मायवरचा राग जाते." मग म्हणाल्या, "मले वाटलं, एक-दोन वर्सात जाईन. सहा लागले."

"आणि माझ्यावर राग नाही आला?"

"आला नं! लय आला. वाटभर शिव्या देत गेली तुले. पन चहा चांगला होता. आन् तुले कोनी सांगतलंच नोतं, तं तू काय करशीन. आनंदानं सांगाले पायजे होतं. तेही आमचंच पोर, कोनाले बोलू?"

मग त्यांनी नव्या कुटकीच्या दोन गाठी बांधल्या. एक माझ्या हातात दिली. दुसरी दिली आणि म्हणाल्या, "तू काल सगळ्यांसमोर आनंदाच्या नावानं खाल्लं म्हनलं. त्या भिंतीकडे त्याचा बाप बसला होता. त्याच्यासमोरचं बोलनं खोटं राहू देऊ नाई. आता ते खरं कर."

पार्सलात ती दुसरी गाठ आहे. फडकं तुम्ही ओळखाल. ते ट्रंकेच्या तळाशी सहा वर्षं होतं. मी इथे आल्यावर आईंच्या फडक्यातून कुटकी ह्यात बांधली, हळकुंडासकट.

कोंबड्यांचं, फडक्याचं, माझ्या गप्प बसण्याचं आता तुम्हाला सगळं कळलंय. माझ्याशी जे वागायचं ते वागा. मी रडगाणं गाणार नाही, सबबी सांगणार नाही. भोपाळहून काय कागद येईल त्यावर सही करीन. पण ह्यात आईंना ओढू नका. तुमच्या आईचं मन झालं होतं, आनंदराव. चार दिवस पायी चालत आली होती ती.

आज भोपाळातल्या खोलीत स्टोव्ह पेटवा. दोन वाट्या पाणी उकळा, मीठ घालू नका. शिजेपर्यंत जवळ थांबा, कुटकी लवकर लागते. पान नसेल तर ताटलीत घ्या, पण भुईवर बसा. तोंड चुलीकडे करा.

मग वडनेर पोस्टाच्या पत्त्यावर आईंना एक कार्ड टाका. तिथले मास्तर वाचून दाखवतात. खाल्लं, एवढंच लिहिलंत तरी पुरे. माझं नाव त्यात नसलं तरी चालेल.

इंदिरा